फ्रोजन कोळंबी घरी कशी करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर अलिबागकडचं, तिकडे कोळंबी म्हणजे टोपलीतून येणार आणि आई दारात बसून निवडून घेणार. लग्नानंतर पुण्यात आले, आणि आता घरात महिन्यातून दोन-तीनदा तरी फ्रोजन पाकीट येतंच. नणंद, शेजारणी, ऑफिसातल्या मैत्रिणी सगळ्या त्याच त्याच गोष्टी विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. आधीच सांगते, फ्रोजन कोळंबीत दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात, तिच्यातलं पाणी आणि तुमची वेळ. बाकी मसाला तुमच्या घरचा जो असेल तो.

फ्रोजन म्हणजे शिळीच ना शेवटी?

नाही हो. चांगल्या कंपनीची कोळंबी तळ्यातून काढली की लगेच बर्फात जाते आणि कारखान्यात साफ करून उणे १८ किंवा त्याहून खाली गोठवतात, त्यामुळे ती त्या दिवशी जशी होती तशीच थांबते. याउलट किनाऱ्यापासून लांबच्या शहरात बाजारात जी "ताजी" म्हणून मिळते ती कधीकधी दोन-तीन दिवस बर्फावर फिरून आलेली असते. नागपूर, संभाजीनगर, सोलापूरकडच्या लोकांना तर मी सरळ सांगते की विश्वासातला मासेवाला नसेल तर फ्रोजनच घ्या.

पण एक खरं आहे, चव वेगळी लागते. पाकिटातली बहुतेक कोळंबी व्हेनामी जातीची असते, ही मूळची आपल्याकडची नाही, पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची. भारतात २००९ पासून तिच्या शेतीला परवानगी मिळाली आणि आज आंध्रच्या तळ्यांमध्ये सगळ्यात जास्त तीच वाढवतात. ती गोडसर आणि सौम्य असते, भाऊच्या धक्क्यावरच्या समुद्रातल्या कोळंबीसारखा खारा दर्या तिच्यात नसतो. म्हणून वाटण थोडं जोरकस लागतं, लसूण दोन पाकळ्या जास्त घाला, आमसूलही एखादं वाढवा.

आणि पावसाळ्यात साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा अंड्यांवर आलेली मासळी वाचावी म्हणून ही बंदी पाळली गेलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, तर त्या दोन महिन्यांत तळ्यातली फ्रोजन कोळंबी खाण्यात काहीच कमीपणा नाही.

पाकिटावर २१/२५, ३१/४० असं लिहिलेलं असतं ते काय?

एका पाउंडात म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये किती कोळंब्या बसतात तो आकडा. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी. १६/२० म्हणजे चांगली जाड, तळायला आणि तंदूरला मस्त. ३१/४० मध्यम, कालवणाला आणि कोळंबी भाताला मी हीच घेते. ७१/९० वगैरे अगदी बारीक, ती दोडक्यात, वांग्यात, ऑम्लेटमध्ये नाहीतर कटलेटला. काही देशी पाकिटांवर आकडा किलोचा असतो, तेव्हा बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघून घ्या नाहीतर मोठी समजून बारीक घरी येते.

सोललेली घ्यावी की सालासकट?

वेळ असेल तर सालासकट, डोकं काढलेली. साल असलं की गोठताना आतला गर कमी सुकतो, आणि दुसरं म्हणजे त्या सालांचं पाणी काढता येतं. सालं चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परतायची, दोन कप पाणी, ठेचलेली लसूण, दहा-पंधरा मिनिटं उकळून गाळून घ्यायचं बस. फ्रोजन कोळंबीच्या कालवणात जी चव कमी पडल्यासारखी वाटते ना ती इथून परत मिळते. हे पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, सोललेली कोळंबी आणाल त्या दिवशी कामाला येतं.

पाकिटात एक राखाडी असते आणि एक गुलाबी, फरक काय?

राखाडी म्हणजे कच्ची, गुलाबी म्हणजे आधीच उकडलेली. आपल्या स्वयंपाकाला कच्चीच हवी. गुलाबी एकदा शिजून झालीय, ती परत कालवणात उकळली की चिवट होणारच, ती सॅलडसाठी ठीक आहे. रंग का बदलतो तर कोळंबीत एक लाल रंगद्रव्य असतं, गाजराच्या रंगाचं नातेवाईकच, ते कच्चेपणी प्रोटीनला चिकटून असतं म्हणून निळसर-राखाडी दिसतं, उष्णतेने प्रोटीनची पकड सुटली की लाल-केशरी रंग उघडा पडतो.

अर्धा किलोचं पाकीट आणलं, वितळल्यावर एवढीशीच उरली! फसवतात का?

कोळंबी सुकू नये म्हणून तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात, त्याला ग्लेझिंग म्हणतात, आणि तो थर असणं चांगलंच आहे. पण वजन त्या थरासकट धरलंय की सोडून हे पाकिटावर बघायचं, नेट वेट बर्फ सोडून असायला हवं. एकदा घरच्या काट्यावर वितळवून निथळून वजन करून बघा, जी कंपनी सारखी कमी देते ती परत घ्यायची नाही. पाकीट हलवून पण बघा, कोळंब्या सुट्ट्या खुळखुळल्या पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला असेल आणि आत भुरभुरीत बर्फ साचला असेल तर ते वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलंय, ठेवून द्या तिथेच. (मोठा चौकोनी बर्फाचा ठोकळाच विकत असतील तर ते वेगळं, ती गोठवण्याची पद्धतच तशी असते.)

वितळवायची योग्य पद्धत कोणती?

सगळ्यात चांगली म्हणजे आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायची, चाळणीत घालून चाळणीखाली भांडं, म्हणजे सुटलेलं पाणी खाली जातं आणि कोळंबी त्यातच भिजत पडत नाही. सकाळी एकदम तयार.

रात्री विसरलात तर कोळंबी बंद पिशवीत घाला, हवा काढा आणि नळाच्या गार पाण्यात बुडवून ठेवा, दहा-दहा मिनिटांनी पाणी बदला, अर्ध्या तासात मोकळी होते. पिशवीशिवाय थेट पाण्यात टाकू नका, ती पाणी पिते आणि चव पाण्यात जाते.

गरम पाणी नको, आणि सकाळी ओट्यावर काढून ऑफिसला जायचं हे तर अजिबात नको. बाहेरून वितळून कोमट होते, आत अजून दगड असतो, आणि त्या बाहेरच्या भागात जंतू भराभर वाढतात. आपल्याकडे उन्हाळ्यात स्वयंपाकघर ३५ अंशाच्या वर असतं, हे लक्षात ठेवा.

मायक्रोवेव्हमध्ये?

नको. कडा शिजतात, मधलं तसंच राहतं.

न वितळवता थेट टाकली तर?

पातळ कालवणात, सूपमध्ये चालते, सोललेली आणि मध्यम आकाराची असेल तर. मात्र पाठीवरचा काळा दोरा काढलेला असला पाहिजे, आणि रस्सा आधीच थोडा दाट आणि चवीला तिखट ठेवा कारण बर्फाचं पाणी त्यात उतरणार. तळायला, सुक्क्याला, रवा लावायला मात्र आधी वितळवणं आलंच.

पाकिटावर "साफ केलेली" लिहिलंय तरी दोरा काढायचा का?

एकदा नजर टाकायचीच. पाठीवरचा काळा दोरा म्हणजे तिचं आतडं, खाल्लात तर आजारी पडाल असं नाही पण मोठ्या कोळंबीत ते कचकच लागतं आणि कडवट चव येते. पाठीला सुरीने हलकी चीर, टूथपिकने उचलायचा. पोटाकडून जो पांढरट धागा दिसतो ती नस, तिला हात लावायची गरज नाही. बारीक कोळंबीला एवढा वेळ घालवू नका.

वास येतोय, टाकून देऊ का?

समुद्राचा, हलका आयोडीनसारखा वास असेल तर ठीक. पण नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास, बोटाला बुळबुळीत लागणं, गर मऊ पडून कुस्करणं, यातलं काही असेल तर सरळ फेकून द्या. लिंबू, हळद, व्हिनेगर लावून वास दबतो, खराब झालेली कोळंबी चांगली होत नाही. पैसे गेल्याचं वाईट वाटतं मला माहितीये, पण पोट बिघडण्यापेक्षा परवडलं.

सालावर काळे डाग पडलेत?

नुसते डाग म्हणजे नासली असं नाही. सफरचंद कापल्यावर जसं काळं पडतं तसाच हा प्रकार. वास चांगला आणि गर घट्ट असेल तर खा. हेच डाग पडू नयेत म्हणून बऱ्याच कंपन्या सल्फाइट वापरतात, दमा असलेल्यांपैकी काहींना ते सोसत नाही, त्यांनी पाकिटावरची घटकांची यादी वाचूनच घ्यावी.

तव्यावर टाकली की पाणीच पाणी होतं, तळण्याऐवजी उकडते. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर थोडं मोठं आहे.

पाणी तीन ठिकाणांहून येतं. एक म्हणजे वरचा बर्फ. दुसरं, गोठताना पेशींमध्ये बर्फाचे खडे होतात, ते पेशी फोडतात, वितळल्यावर आतलं पाणी बाहेर येतं. आणि तिसरं, बऱ्याच पाकिटांत फॉस्फेट घातलेलं असतं, यादीत ई ४५१ असं काहीतरी दिसेल, ते कोळंबीत पाणी धरून ठेवतं आणि तव्यावर गरम झालं की सोडतं. म्हणून शक्य असेल तर यादीत फक्त कोळंबी आणि मीठ असलेलं पाकीट शोधा, महाग पडतं पण फरक जिभेला लगेच कळतो.

मग घरी काय करायचं तर वितळल्यावर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग सुती पंच्यावर पसरून वरून दुसरा पंचा दाबा, अगदी कोरडी करा. मसाला कोरडी झाल्यावरच लावायचा, आणि मसाला लावून तासभर ठेवलीत तर मिठाने परत पाणी सुटतं, म्हणून हळद, तिखट, आलं-लसूण आधी लावा आणि मीठ तव्यावर टाकायच्या आधी पाच मिनिटं. बिडाचा तवा असेल तर तोच घ्या, चांगला तापू द्या, तेल टाका आणि कोळंब्या एकमेकींना न चिकटता एका थरात, अर्ध्या किलोचे दोन-तीन घाणे होतात, होऊ द्या. सगळी एकदम ओतली की तवा गार पडतो आणि मग तुम्ही म्हणता तसं उकडतंच. झाकण ठेवायचं नाही.

कुरकुरीत दाताखाली टच्च लागणारी हवी असेल तर अर्ध्या किलोला अर्धा छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग धुऊन कोरडी करा. पाकिटात आधीच फॉस्फेट असेल तर हे करू नका, साबणासारखी चव यायला लागते.

रबरासारखी होते, किती वेळ शिजवायची नक्की?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. आपल्या सगळ्यांना मटणाची सवय, शिजू दे अजून शिजू दे. कोळंबीचं उलटं आहे, ती जितकी जास्त शिजते तितकं तिचं प्रोटीन आकसतं आणि पाणी पिळून बाहेर टाकतं. मध्यम कोळंबीला उकळत्या रश्शात दोन ते तीन मिनिटं, मोठीला चार. तव्यावर एका बाजूला दीड मिनिट, दुसऱ्या बाजूला एक-दीड. आत थर्मामीटर घालून बघायची हौस असेल तर ६३ अंश सेल्सिअस पुरे.

डोळ्यांनी ओळखायचं तर गर पारदर्शक जाऊन दुधी पांढरा झाला, वर केशरी छटा आली आणि कोळंबी अर्ध्या चंद्रकोरीसारखी वळली की झाली. पूर्ण वळून गोल रिंग झाली तर जास्त शिजली. गॅस बंद केल्यावरही गरम रश्शात ती शिजतच राहते म्हणून मी किंचित आधीच बंद करते.

कालवणात कोळंबी आधी टाकायची की शेवटी?

फ्रोजन असेल तर शेवटी. आमच्या आईची पद्धत वेगळी, ती ताजी कोळंबी लसणाच्या फोडणीत आधी परतायची मग वाटण, मग पाणी, आणि त्या कोळंबीला ते सोसायचं. मीही सुरुवातीला तसंच करायचे आणि दर वेळी कोळंबी आक्रसून शेंगदाण्याएवढी व्हायची, मला फार वाईट वाटायचं, वाटायचं हात बिघडला. हात नाही, क्रम बदलायला हवा होता.

आता असं करते. अर्धा किलो कोळंबी वितळवून कोरडी, हळद लावून फ्रीजमध्ये. एक वाटी ओलं खोबरं, सात-आठ बेडगी मिरच्या भिजवलेल्या, चमचाभर धणे, पाच-सहा लसूण पाकळ्या, अर्धा कांदा, हे अगदी गंधासारखं बारीक वाटायचं. टोपात तेल, ठेचलेली लसूण तांबूस होईपर्यंत, मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतायचं, इथे घाई करायची नाही कारण सगळी चव इथे तयार होते. मग सालांचं पाणी, मीठ, चार-पाच आमसुलं, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. शेवगा किंवा वांगं घालणार असाल तर ते या टप्प्यावर शिजवून घ्या. रस्सा चाखून बघा, कोळंबीशिवायही तो भातावर ओरपावा असा लागला पाहिजे. तसा लागला की मगच कोळंबी घाला, एक उकळी, दोन मिनिटं, गॅस बंद, झाकण, पाच मिनिटं हात लावू नका. नारळाचं दूध वापरत असाल तर ते कोळंबीबरोबरच शेवटी, खळखळ उकळू द्यायचं नाही, फाटतं.

कोळंबी भात कुकरमध्ये होतो का?

भात होतो, कोळंबी नाही. शिट्ट्यांमध्ये तिचं रबर होतं. तांदूळ हिरव्या वाटणात परतून सालांच्या पाण्यात मोकळ्या टोपात शिजवा, नव्वद टक्के झाला की आच अगदी कमी करा, वेगळ्या तव्यावर एकच मिनिट परतलेली कोळंबी भातावर पसरा, घट्ट झाकण, सहा-सात मिनिटं दम. हलक्या हाताने वरखाली केला की झाला.

वितळवलेली परत गोठवली तर चालते? लाइट गेल्यावर काय?

फ्रीजमध्येच वितळली असेल आणि त्याच दिवशी परत टाकलीत तर धोका नाही, पण गर भुसभुशीत होतो. बाहेर किंवा पाण्यात वितळवली असेल तर परत गोठवू नका, शिजवून टाका. लाइट गेली तर फ्रीजरचं दार उघडायचंच नाही, भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. उघडल्यावर कोळंबीत बर्फाचे खडे अजून असतील तर ती वाचली.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी सुरू होण्याआधी ताजी आणून घरीच गोठवली तर?

जरूर करा, मी मे महिन्यात माहेराहून येताना करतेच. डोकी काढा, कारण कोळंबी नासायला सुरुवात डोक्याकडूनच होते. साल राहू द्या. छोट्या डब्यांत एका वेळेला लागेल तेवढीच भरा, बुडेल इतकं गार पाणी घाला आणि गोठवा, पाण्याने हवा लागत नाही. वर तारीख लिहा. तीन महिन्यांत संपवा, घरच्या फ्रीजरचं दार दिवसातून दहादा उघडतं.

लिंबू किंवा कोकम घातल्याने विष होतं असं फॉरवर्ड आलंय?

खोटं आहे. त्यात सांगतात की व्हिटॅमिन सी आणि कोळंबी मिळून आर्सेनिक बनतं. रोजच्या जेवणातल्या प्रमाणात असं काही होत नाही, आणि आपला अख्खा किनारा पिढ्यान्‌पिढ्या आमसूल घालूनच कोळंबी खातोय. लिंबाचं एवढंच की तासभर लावून ठेवू नका, आंबटाने गर बाहेरून आधीच घट्ट होतो.

ॲलर्जी असेल तर नीट शिजवून खाल्ली तर चालेल?

नाही. ज्या प्रोटीनमुळे बहुतेकांना त्रास होतो ते उष्णतेने मोडत नाही. ओठ सुजणं, अंगावर गांधी, श्वास लागणं असं एकदा जरी झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखूनही बघू नका. पाहुणे येणार असतील तर आधी विचारा, आणि त्यांच्यासाठी बांगडा तळणार असाल तर तेल आणि तवा वेगळा.

कोलेस्ट्रॉलवाल्यांनी?

कोळंबीत कोलेस्ट्रॉल आहे, १०० ग्रॅमला दीडशे ते दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण सॅच्युरेटेड फॅट अगदी कमी. आमच्या घरात सासऱ्यांना डॉक्टरांनी प्रमाणात खायला सांगितलंय, ते रश्श्यातली पाच-सहा खातात. तळलेली नाही. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आम्ही अमेरिकेत राहतो, इथली कुठली घेऊ?

कच्ची, सालासकट, पाठीला चीर दिलेली मिळते तिथे, ती घ्या, दोरा काढणं सोपं जातं. पाकिटावर देशाचं नाव असतं ते वाचा, भारतातून अमेरिकेला खूप फ्रोजन कोळंबी जाते, त्यामुळे न्यू जर्सीतल्या तुमच्या फ्रीजरमध्ये आंध्रच्या तळ्यातलीच कोळंबी असू शकते. आमसुलं मात्र इथून न्या, चिंचेने काम भागतं पण ती चव नाही.

उरलेलं कालवण दुसऱ्या दिवशी गरम कसं करायचं?

रात्रीच, जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी झाऱ्याने कोळंब्या बाजूला काढा, नुसता रस्सा खळखळून उकळा, गॅस बंद करून मग कोळंब्या त्यात परत सोडा आणि झाकण ठेवा, रस्स्याच्या वाफेत त्या आतपर्यंत गरम होतात. तेवढ्या वेळात तांदळाच्या दोन भाकऱ्या थापून होतात.